हवालदार पुंडलिकराव साटोणे मार्ग

वाटणी झाल्यापासून मधुकरराव थोरल्या भावाला घ्यायला कधी फाट्यावर आला नव्हता. वर्ध्याहून एस.टी.नं यायचं, अल्लीपूर रोडवर धामणझरीच्या फाट्याला उतरायचं आणि लेकीचा, कांचनचा, हात धरून गावापर्यंत चालत जायचं, हे सुलोचनेच्या अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी गाडीतून उतरताना दीर समोर उभा दिसला, तेव्हा घरी कोणीतरी आजारी असावं असंच तिला आधी वाटलं.

"माय बरी हाये ना?" तिच्या नवऱ्यानंही, प्रभाकररावांनी, तेच विचारलं.

"बरी हाये. तुमाले घ्याले आलो," मधुकरराव म्हणाला आणि भावाच्या हातातली पिशवी त्यानं आपल्याकडे घेतली.

फाट्याच्या कडेला सिमेंटचा नवा चबुतरा उभा होता. त्यावर काळ्या दगडाची पाटी, आणि पाटीवर सुतळीनं बांधलेला पांढरा कपडा. मांडवाचे बांबू रोवून झाले होते. दोघे भाऊ पाटीसमोर जाऊन थांबले.

"अक्षरं चांगली आली काय?" प्रभाकररावांनी विचारलं.

"हिंगणघाटच्या माणसानं कोरली. 'हवालदार पुंडलिकराव साटोणे मार्ग'. खाली सन. कपडा सोडून पाहू नोका, उद्या सभापतीच्या हातानं सुटू द्या."

प्रभाकरराव हसले. दोन वर्षांत सुलोचनेनं त्यांना धाकट्या भावाच्या बोलण्यावर हसताना पाहिलं नव्हतं. वावराच्या धुऱ्यावरून, एका बांधाच्या जागेवरून, दोघं इतके तुटले होते, की वडिलांच्या वर्षश्राद्धालासुद्धा दोन पंगती बसल्या. मामाजींनी, तिच्या सासऱ्यांनी, शेवटची वर्षं पोरांना एका चुलीवर ठेवण्यासाठी जिवाचं रान केलं, ते त्यांना साधलं नाही. आता त्यांच्या नावानं ते साधत होतं. सुलोचनेला बरं वाटलं. सासऱ्यावर तिचा जीव होता, आणि ते ती कोणापासून लपवत नसे.

गावातून फौजेत जाणारे पुंडलिकराव पहिले. ब्रह्मदेशच्या लढाईत होते, मग काश्मिरात. पेन्शनीत निघून आल्यावर दुष्काळाच्या सालात सरकारनं हा फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता काढला, तेव्हा साहेबांनी त्यांनाच मुकादम नेमलं. अख्ख्या गावानं इथं गिट्टी फोडली होती. दोन पावसाळ्यांत वाहून जाणारे रस्ते लोकांनी खूप पाहिले, हा मात्र टिकला. म्हणून ग्रामपंचायतीनं ठराव केला, की या रस्त्याला हवालदारांचं नाव द्यायचं. सरपंच वासुदेवराव स्वतः वर्ध्याला येऊन सांगून गेले होते. जाताना सुलोचनेकडे पाहून म्हणाले, "घरच्याइकडून मास्तरीणबाईनं दोन शब्द बोला लागते. प्रभाकररावचा गळा भरून येईल, अन् मधुकर तं माइकच धरत नाई."

रात्री जेवणं लवकर आटोपली. सुलोचना सासूजवळ चुलीपाशी बसली होती. आनंदाबाई उरलेल्या भाकरी फडक्यात गुंडाळत होत्या.

"उद्या काय बोलशीन?" त्यांनी विचारलं.

"कांचनच्या वेळचं सांगीन म्हणते, आत्याबाई. मामाजींनी मला गाडीतून नेलं ते. लढाईचं तर सगळ्यांना माहीत आहे."

आनंदाबाईंचे हात थांबले. मग त्यांनी फडक्याची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"लढाईचंच सांग," त्या म्हणाल्या. "लोकाईले लढाईचं आवडते."

सुलोचनेला वाटलं, बाळंतपणाची गोष्ट चारचौघांत सांगायची म्हणून सासूला अवघडल्यासारखं होत असेल. ती हसली आणि कांचनला झोपवायला गेली.

*

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं आणि गाव फाट्याकडे निघालं. तुरी सोंगायच्या होत्या, कापसाचा शेवटचा वेचा पडून होता, तरी माणसं आली. एका बाजूला पुरुष सतरंजीवर, दुसऱ्या बाजूला बाया. किराणा दुकानाच्या ओमप्रकाशनं हिंगणघाटहून भोंगा आणला होता आणि माइकही त्याच्याच ताब्यात होता. "अब आपल्या समोर येऊन राहिले" असं म्हणत तो एकेकाला पुकारत होता. पंचायत समितीचे सभापती जीपनं आले, हार झाले. सरपंच लढाईबद्दल बोलले. त्यांना ब्रह्मदेश नेमका कुठं आहे हे सांगता आलं नाही, पण कोणाचं त्यावाचून अडलं नाही. मग सुलोचनेचं नाव पुकारलं गेलं.

ती पदर सारखा करून उभी राहिली. वर्गात रोज बोलण्याची सवय असल्यामुळे तिला भीती वाटली नाही.

"मी लढाईचं सांगणार नाही," ती म्हणाली. "मी या घरात सून म्हणून आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. दुष्काळाचं साल होतं. हा रस्ता चालू होता. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मला वेणा सुरू झाल्या. पहिलटकरीण, वय लहान. आत्याबाईंनी बंडूजीला इथं कामावर धाडलं. बंडूजी म्हणजे आमच्याकडचा जुना सालदार, तुम्ही त्याला ओळखता. मामाजींनी निरोप ऐकला आणि एका शब्दानंही काही विचारलं नाही. आमच्याच गाडीवर कामगारांसाठी पाण्याचं टिपाड होतं. ते त्यांनी खाली उतरवलं, गाडी जुंपली आणि घरी आले. मला गाडीत निजवून याच रस्त्यानं अल्लीपूरच्या दवाखान्यात नेलं. नुसती खडी होती तेव्हा. हिसके बसू नयेत म्हणून बैल पायापायानं चालवले. एका हातात कासरा आणि दुसऱ्या हातानं माझ्यावर छत्री धरलेली. वाटभर म्हणत होते, पोरी, घाबरू नको, मी रानातून जखमी माणसं खांद्यावर काढली आहेत, तू तर माझी लेक आहेस. माझी कांचन त्यांच्यामुळे या जगात आली. देशासाठी लढणारा माणूस घरच्या सुनेसाठी—"

इथं तिनं मान वर केली, आणि पुढचं वाक्य तिला आठवेना.

समोरचं एकही माणूस हलत नव्हतं. बायांच्या बाजूला सगळ्या माना खाली गेल्या होत्या. दोघीतिघी उठून पोरं घेऊन मागच्या मागे चालायला लागल्या. पुरुषांमध्ये कोणीतरी खाकरलं आणि लगेच गप्प झालं. सरपंच वासुदेवराव आपल्या चपलांकडे पाहत होते. सुलोचनेला वाटलं आपल्या हातून एखादा वावगा शब्द गेला. तिनं खुर्चीवर बसलेल्या सासूकडे पाहिलं. आनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

बायांच्या मागच्या रांगेतून भागीरथा उठली. गावात रोजमजुरी करणारी, पन्नाशीपलीकडची, काटक बाई. सुलोचना तिला चेहऱ्यानं ओळखत होती, इतकंच. ती पुढं आली नाही, जागेवरच उभी राहिली.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशीचं म्हणता ना तुमी?"

"हो," सुलोचना म्हणाली. माइक चालू होता. तिचा हो दूरपर्यंत गेला.

"थे गाडी मी मांगितली होती. सकाळी."

"भागीरथाबाई, मंग बोलू आपण," सरपंच उठत म्हणाले. "पाहुणे बसले हायेत."

भागीरथानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता. वावरात दुसऱ्या तासावरच्या, पलीकडच्या ओळीतल्या, बाईशी बोलावं तशी ती बोलत होती.

"माही लेक गुंफा बाळंतपणाले आलती. सातवा महिना होता. घरी दाणा नोता म्हणून गिट्टी फोडाले बसली माह्यासंगं. सकाळीच तिच्या पोटात दुखाले लागलं. मी हवालदाराच्या पाया पडली, गाडी द्या म्हटलं, अल्लीपूरले नेतो. त्याईनं सांगतलं, गाडी पाण्याची हाये. इतके माणसं उन्हात हायेत, एका बाईसाठी साऱ्याइचं पाणी बंद करता येत नाई. संध्याकाळी देतो म्हणे. मले पटलं बाई. खरं सांगतो, पटलं. मी वावरावावरानं नाल्यापलीकडच्या गावात गेली, सुईण आणाले. आली तं गाडी नोती अन् टिपाड खाली ठेवलेलं होतं. माही पोरगी त्या तिथं बाभळीखाली होती." तिनं हात केला. तिथं आता बाभूळ नव्हती, सभापतींची जीप उभी होती. "लुगड्यानं झाकून ठेवलती. पोटातलं पोटातच रायलं."

भोंग्यातून नुसती घरघर येत होती.

"मी आज काई बोलणार नोती," भागीरथा म्हणाली. "नाव ठेवून राह्यले तं ठेवा, आपल्याले काय करायचं. पण तुमी तेच माइकवर सांगाले लागल्या. साऱ्या गावापुढं. मले वाटलं, हे बाई मुद्दाम काऊन सांगते."

सुलोचना माइकपासून मागं सरली.

भागीरथानं डोळे बारीक करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा स्वर बदलला. "तुमाले माहीत नोतं काय?"

सुलोचनेनं मान हलवली.

"मंग बसा," भागीरथा म्हणाली. "बसा तुमी. पडसान."

आणि ती वळून गावाकडे चालायला लागली. तिच्यामागे आणखी चारसहा बाया उठल्या, मग दहाबारा. सुलोचना खाली बसली की तिला कोणी बसवलं, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. तिला एवढंच कळत होतं, की समोर बसलेल्या माणसांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ती सुट्टीत या गावी येत होती, यांच्या घरी हळदीकुंकवाला जात होती, कांचनला कडेवर घेऊन मिरवत होती. प्रत्येकीनं कांचनच्या गालावरून हात फिरवला होता. आणि प्रत्येकीला माहीत होतं.

*

सभापती चहाला म्हणून सरपंचांच्या घरी गेले. जाताना प्रभाकररावांना बाजूला घेऊन म्हणाले, "मी तीनपर्यंत हाये. तुमचं घरात ठरवा. झालं तं झालं, नाई तं मी निघतो." पाटीवरचा कपडा तसाच राहिला.

घरी आल्याबरोबर मधुकररावानं फाटक लावून घेतलं. कांचनला जावेनं मागच्या खोलीत नेलं. प्रभाकरराव ओसरीवर येरझारा घालत होते.

"हे कोणीतरी शिकवून पाठवलं तिले," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक हाये. वासुदेवरावच्या विरोधातलं कोणीतरी—"

"तिला कोणी पाठवलं नाही," सुलोचना म्हणाली. "मी बोलले म्हणून ती उठली."

"मग कोणी सांगतलं होतं तुले ते बोलाले?"

ती सासूसमोर जाऊन खाली बसली. आनंदाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. कार्यक्रमासाठी नेसलेलं नवं लुगडं त्यांनी अजून बदललं नव्हतं.

"आत्याबाई, खरं आहे?"

"खरं हाये."

प्रभाकरराव थांबले. "माय, तू काय म्हणून राह्यली?"

"खरं हाये म्हटलं," आनंदाबाई म्हणाल्या. "बंडूजीले म्या धाडलं. तिकडं काय चालू हाये मले काय माहीत. सूनबाई आडवी झालती, एवढंच मले दिसत होतं. अल्लीपूरहून तुमचे वडील परत आले तं जेवले नाईत. मंग बंडूजीनं मले सांगतलं. मी त्याईले विचारलं, दोघींपैकी तिले आधी काऊन नाई नेलं? तं म्हणे, एकच नेता येत होती. आपली नेली."

"एकच का?" सुलोचना म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "गाडीत जागा होती. मी एका अंगाला निजले होते. पलीकडे नुसती कडब्याची पेंढी होती. दोघी मावलो असतो."

प्रभाकररावांच्या येरझारा पुन्हा सुरू झाल्या.

"आम्ही तिच्याजवळून गेलो, आत्याबाई. मला आता आठवतं. रस्त्याच्या कडेला बाया गोल करून उभ्या होत्या, लुगड्यांचा आडोसा धरून. मी मामाजींना विचारलं, काय झालं तिथं. ते म्हणाले, ऊन लागलं कोणाले तरी." ती थांबली. "त्यांनी बैल थांबवले नाहीत. गाडी थांबवून तिला उचलायला किती वेळ लागला असता?"

आनंदाबाई खांब सोडून सरळ बसल्या.

"त्याईनं सकाळी नाई म्हटलं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "साऱ्याइच्या समोर. ज्या गाडीले सकाळी नाई म्हटलं तेच गाडी घेऊन स्वतःच्या सुनेले नेऊन राह्यले. तिथं थांबले असते तं साऱ्याइच्या तोंडाकडे पाहा लागलं असतं. ते त्याईच्यानं झालं नाई. लढाईत गोळीले भेले नाईत, अन् इथं भेले. मी चाळीस वर्षं संसार केला त्याईच्यासंगं, मले माहीत हाये."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पोरगी मांडीवर घेऊन पाजत होती तू."

सुलोचनेला वाटलं होतं, आता दीर बोलेल. मधुकरराव सरळ माणूस. वाटणीच्या वेळीही थोरल्याला तोंडावर सुनावणारा तोच. शिवाय इथं राहणारा, भागीरथाला रोज पाहणारा. ती त्याच्याकडे वळली. "भाऊजी, तुम्हालाही माहीत होतं?"

"गावात कोणाले माहीत नाई, वहिनी?" तो म्हणाला. "मी तवा कॉलेजात होतो, पण कानावर आलं."

"मग आता तुम्हीच सांगा सभापतींना. म्हणा, नाव नको."

मधुकररावानं भावाकडे पाहिलं. भावानं त्याच्याकडे पाहिलं. आणि सुलोचनेच्या डोळ्यांसमोर, दोन वर्षं एकमेकांच्या ताटाकडे न पाहिलेले ते दोघे, काही न बोलता एका बाजूचे झाले.

"नाई वहिनी," मधुकरराव म्हणाला. "तुमी उद्या वर्ध्याले जासान. मले इथं राहा लागते. तो कपडा तसाच रायला, तं येणारा जाणारा रोज इचारीन, याच्यावर कपडा काऊन हाये? आज ज्याले माहीत नाई त्यालेबी माहीत होईन. पाटी उघडली तं दोन महिन्यांत लोक ते नाव वाचणंबी सोडून देतीन."

"बरोबर बोलते हा," प्रभाकरराव म्हणाले. "अन् एका चुकीनं माणसाचा सारा जन्म पुसायचा काय? ज्याईनं देशासाठी रक्त सांडलं? तुह्यासाठी जे केलं ते तू विसरली काय?"

"माझ्यासाठी केलं तेच तर—" सुलोचना म्हणाली. नवऱ्याचा प्रश्न खोटा नव्हता. ती जिवंत होती. कांचन मागच्या खोलीत चुलतभावाशी सागरगोटे खेळत होती, त्याचा आवाज येत होता. सुलोचना उठून चप्पल शोधायला लागली.

"कुठं चालली?"

"भागीरथाबाईकडे."

"आता? सारं गाव पाहून राह्यलं," प्रभाकरराव वाट अडवून उभे राहिले.

"जाऊ दे तिले," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण प्रभाकरराव बाजूला झाले. मग त्यांनी आईला विचारलं, "तीन वाजता तू येशीन ना, माय? सभापतीच्या शेजारी तुले उभं राहा लागते. दोरी तुमी दोघं मिळून ओढायची असं ठरलं हाये."

आनंदाबाईंचं उत्तर ऐकायला सुलोचना थांबली नाही.

*

भागीरथाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. दार उघडं होतं. भागीरथा सुपात तुरीचे दाणे पाखडत बसली होती. सुलोचनेला पाहून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं पायानं पाट पुढं सरकवला.

सुलोचना बसली. वाटेत तिनं शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही आता कामाचा वाटेना.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"दिसलं मले."

"कोणीच सांगितलं नाही."

"कोण सांगीन? तुमी हसत येत होत्या." भागीरथानं सूप झटकलं. "मी कधी तुमाले वाईट चिंतलं नाई. पोरीलेबी नाई. तिले पाह्यलं का मनात येये, माह्या गुंफाचं लेकरू एवढंच झालं असतं. बस, एवढंच येये मनात."

तेवढ्यात फाट्याकडून भोंगा परत सुरू झाला. ओमप्रकाशचा आवाज वाऱ्यावर कधी मोठा, कधी बारीक होत येत होता. थोड्याच वेळात मान्यवरांच्या हस्ते अनावरण होत आहे, ग्रामस्थांनी उपस्थित राहावं. मग गाणं लागलं, ते मध्येच बंद झालं.

"हवालदार साहब की धर्मपत्नी, श्रीमती आनंदाबाई साटोणे यांनी पाटीजवळ यावं," ओमप्रकाश म्हणाला.

भागीरथानं सूप खाली ठेवलं.

"श्रीमती आनंदाबाई साटोणे, जिथं असतील तिथून पाटीजवळ यावं. सभापती साहेब वाट पाहून राहिले."

थोड्या वेळानं परत तेच नाव, आणि परत. शेवटच्या वेळी तर ओमप्रकाशच्या आवाजात विनवणी होती. मग भोंग्यात कोणीतरी कुजबुजलं, माइकवर हात ठेवल्याचा आवाज झाला आणि सभापतींचा जाड आवाज आला, की मी हा मार्ग हवालदार पुंडलिकराव साटोणे यांच्या नावानं जाहीर करतो. टाळ्या झाल्या. मोजक्या माणसांच्या होत्या, ते इथवर कळत होतं.

"तुमची सासू गेली नाई," भागीरथा म्हणाली.

"नाही."

"तिनं दरसाल वावरातलं गवत निंदाले बोलावलं मले. मी गेली नाई." मग तिनं सुलोचनेकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या नजरेत काहीतरी मागणं होतं. "एक इचारू काय, बाई? तुमी त्या गाडीत होत्या."

"विचारा."

"मी नोती तिथं. सुईण घेऊन येईलोक सारं झालतं. मले त्या बायाइनं सांगतलं, का गाडी आली तवा ती आधीच गेलती. हवालदार उतरले, त्याईनं पाह्यलं, अन् मंग गेले. माह्या जीवाले तेवढंच बरं वाटे, का गेलीच होती तं नेऊन काय करतीन. पण मले कधी कधी वाटे, ह्या मले समजवाले तं नाई सांगत." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गाडी थांबली होती काय?"

सुलोचनेला कळलं, की आपण इथं माफी मागायला आलो होतो, आणि ही आपल्याकडे भलतंच काही मागते आहे. एक हो म्हटलं असतं तर भागीरथा सुखानं झोपली असती. गावानं हेच केलं होतं. भागीरथाला एक सांगितलं, सुनेला काहीच सांगितलं नाही, आणि सगळ्यांचं नीट चाललं.

"नाही," ती म्हणाली. "थांबली नाही."

भागीरथानं बोटावरचा पदर सोडला.

"आणि एक हाक आली होती," सुलोचना म्हणाली. "'माय वं' अशी. मला इतकी वर्षं वाटत होतं, मीच ओरडले. कळ येत होती, कळत नव्हतं काही. पण मी माझ्या आईला आई म्हणते. माय म्हणत नाही. आज तुम्ही तिथं उभ्या राहून बोललात तेव्हा माझ्या ध्यानात आलं."

फाट्याकडे जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो अल्लीपूरच्या बाजूला दूर गेला. भागीरथानं सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवला, एक खडा वेचून बाजूला टाकला, दुसरा शोधत राहिली. सुलोचनेला वाटलं आता ती आपल्याला निघ म्हणेल. तसं म्हणण्याचा तिला हक्क होता.

"मंग जिती होती," भागीरथा म्हणाली.

"हो."

"मले हाक मारली."

"हो."

भागीरथानं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सुलोचनेकडे थोडी सरकली आणि खालच्या आवाजात विचारलं, "बारीक होती काय हाक? थकल्यावानी?"

सुलोचनेनं डोळे मिटले. बैलांच्या घुंगरांमधून, छत्रीच्या काळ्या कापडापलीकडून ती हाक पुन्हा आली.

"नाही," ती म्हणाली. "मोठी होती. लांबपर्यंत ऐकू जाईल अशी."

"तिचा आवाज मोठाच होता," भागीरथा म्हणाली. "लहानपणापासून."